आवळण्याचे माप

कोलकात्याच्या हावडा पुलाविषयी एक गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी वाहतुकीस खुल्या झालेल्या ह्या पुलात सुमारे २६,५०० टन पोलाद आहे. परंतु ते सारे रिव्हेटांनी जोडलेले असून त्यात नट-बोल्ट नाहीत. तापवून लाल केलेली रिव्हेट भोकात घालावयाची, तिचे दुसरे टोक ठोकून पसरावयाचे, आणि मग थंड होता होता ती स्वतःच आकुंचन पावून दोन्ही पत्रे एकमेकांशी घट्ट आवळून धरते. तिला किती आवळावे, हे कोणा कारागिराच्या मनगटावर अवलंबून नसते. ते काम निसर्गनियम करतो. एकदा बसली की ती उघडावयाची नसते, आणि उघडावयाची नसल्यामुळे पुन्हा आवळण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

ह्या पुलावरून रात्रंदिवस धावणाऱ्या वाहनांची गोष्ट मात्र अगदी उलट आहे. बसगाड्या, मालमोटारी, टॅक्सी, पुलाखालून हुगळी नदी ओलांडणाऱ्या लाँचेस ह्यांतील बहुतेकांना आजवर डीझेल इंजिनानेच हलविले. इंजिन झिजते, तापते, कंप पावते, आणि म्हणून ते पुनःपुन्हा उघडावे लागते. बोल्ट म्हणजे उघडता येणारा सांधा. हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा धोका; कारण जितक्या वेळा तो उघडला जाईल, तितक्या वेळा कोणाला तरी तो पुन्हा आवळावा लागेल. किती आवळावा? ह्या प्रश्नाला 'घट्ट' हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या पुरेसे वाटत आले. आज ते पुरेसे राहिलेले नाही. का राहिलेले नाही, हे पाहण्यासाठी इंजिनाच्या इतिहासात थोडे मागे जावयास हवे.

रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन अभियंत्याने आपल्या कल्पनेचे पेटंट १८९३ मध्ये मिळविले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डीझेल इंजिनात ठिणगी नाही. तेथे हवाच तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. त्या दाबाने तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि तीत सोडलेला इंधनाचा फवारा आपोआप पेट घेतो. ह्या इंजिनाशी महाराष्ट्राचाही निकटचा संबंध आहे. साताऱ्याजवळील कूपर कारखान्यात १९३० च्या दशकातच डीझेल इंजिने तयार होऊ लागली होती, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवरच्या इंजिनाचा 'टक्‌ टक्‌' हा आवाज दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी ऐकलेला आहे.

त्या काळचे इंजिन सर्वस्वी लोखंडाचे होते. किती इंधन सोडावयाचे आणि केव्हा सोडावयाचे, हे पंप, दांडे आणि स्प्रिंगा मिळून ठरवीत. त्यामुळे त्याची दुरुस्ती ही डोळ्यांची, कानांची आणि हातांची विद्या होती. कोलकात्यात पार्क स्ट्रीटच्या टोकाशी असलेला मल्लिकबाजार हा जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा प्रसिद्ध बाजार. तसल्या वस्तीत वाढलेला मिस्त्री धुराच्या रंगावरून रोग ओळखतो. धूर काळा असेल तर इंधन अधिक आणि हवा कमी. निळसर असेल तर वंगण जळते आहे. पांढरा असेल तर इंधन न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरले आहे. हे निदान आजही खोटे ठरलेले नाही. तशीच त्याची आवळण्याची रीत. पान्याच्या दांड्यावर हाताला विशिष्ट प्रतिकार जाणवला की तो थांबे, आणि लोखंडाच्या जाड बोल्टाला तेवढा अंदाज बहुधा पुरत असे.

ह्या स्थितीत बदल घडविला तो शहराच्या हवेने. डीझेलच्या धुराने होणारी हानी जसजशी ध्यानात येऊ लागली, तसतसे नियम कडक होत गेले. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २००८ मधील आदेशानुसार पंधरा वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने महानगर क्षेत्रातून हटविण्याचे ठरले, आणि पुढील वर्षी त्याची अंमलबजावणी सुरू झाली. १ एप्रिल २०१० पासून कोलकात्यासह देशातील तेरा मोठ्या शहरांत नव्या वाहनांस 'भारत स्टेज चार' ही मर्यादा लागू झाली. १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज सहा' ही त्याहून कडक मर्यादा साऱ्या देशाला लागू झाली. मधल्या काळात, २०१२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डीझेलचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले होते. ज्या अँबॅसडर मोटारीने कोलकात्याच्या टॅक्सीला तिचे रूप दिले, तिचे उत्तरपाडा येथील उत्पादन २०१४ मध्ये थांबले.

ह्या मर्यादा केवळ लोखंडी पंपाच्या बळावर पाळणे शक्य नव्हते. म्हणून इंजिनाच्या अंगावर ठिकठिकाणी सेन्सर, म्हणजे संवेदक, बसले. एक क्रँकशाफ्टची गती आणि स्थिती पाहतो, एक पाण्याचे तापमान, एक वंगणाचा दाब, एक आत येणाऱ्या हवेचा दाब, एक इंधनाच्या नळीतील दाब, आणि धुराड्यात बसलेले आणखी काही धुराची उष्णता आणि त्यातील घटक मोजतात. ही सारी माहिती एका धातूच्या पेटीत जाते. तिला कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. मराठीत नियंत्रणपेटी म्हणावयास हरकत नाही. इंधन किती आणि केव्हा सोडावे, हा निर्णय आता ही पेटी घेते.

हा कारभार महसूल खात्याच्या कारभाराशी ताडून पाहता येईल. गावच्या पिकाची आणेवारी गावपातळीवर ठरते. जिल्ह्याच्या कचेरीत बसलेला अधिकारी स्वतः प्रत्येक शेत पाहू शकत नाही. त्याच्यापुढे येतो तो कागद. कागदावर चौदा आणे पीक लिहिलेले असेल, तर त्या गावाला सूट मिळणार नाही, मग प्रत्यक्षात शेत करपून का गेलेले असेना. अधिकारी न्यायी असला, नियम अचूक असले, तरी नोंद चुकली की निर्णय चुकला. नियंत्रणपेटी ही अशीच दूरस्थ अधिकारी आहे. तिने इंजिन पाहिलेले नाही. संवेदकाने कळविलेले काही व्होल्ट एवढेच तिचे जग. आणि संवेदकाने खरे सांगावे की खोटे, हे पुष्कळदा त्याला धरून ठेवणारा एक लहानसा बोल्ट ठरवितो.

मग आवळणे म्हणजे नेमके काय? पान्याच्या टोकाला जोर लावला की बोल्टाला पीळ बसतो. ह्या पिळाला यंत्रशास्त्रात टॉर्क म्हणतात, आणि तो न्यूटन-मीटर ह्या मापात मोजतात. मध्यापासून दहा सेंटिमीटर अंतरावर एक किलोग्रॅम वजन टांगले असता जो पीळ निर्माण होतो, तो जवळजवळ एक न्यूटन-मीटर. म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला पाच किलो तांदळाची पिशवी अडकविली, तर बोल्टाला दहा न्यूटन-मीटर पीळ मिळेल. इंजिनावरील संवेदकांचे लहान बोल्ट बहुधा ह्याच्या आसपास, काही त्याहूनही कमी पिळाने आवळावयाचे असतात. जाणत्या माणसाच्या मनगटात ह्याच्या कितीतरी पट जोर असतो, आणि म्हणूनच त्याच्या हातून चूक घडण्याचा संभव अधिक.

पीळ हा साध्य नव्हे, साधन आहे. साध्य आहे तो बोल्टाच्या अंगातील ताण. पोलादाचा बोल्ट डोळ्यांना कितीही टणक दिसला, तरी तो आवळताना तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे किंचित ताणला जातो. चार सेंटिमीटरच्या सांध्यात हे ताणणे जेमतेम एका केसाच्या जाडीइतके असते. ताणलेला बोल्ट मूळ लांबीवर परत येऊ पाहतो, आणि ह्या त्याच्या ओढीनेच दोन भाग एकत्र धरले जातात. तार ढिली असेल तर सूर लागत नाही. अधिक पिळली तर ती तुटते. मिरजेचा तंबोरा बनविणारा कारागीर असो की कोलकात्याच्या चितपूर भागातील सतार बनविणारा, दोघांनाही हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु तारेच्या बाबतीत कान साक्ष देतो; बोल्ट मात्र मुका असतो. तो किती ताणला गेला, हे तो सांगत नाही.

शिवाय पान्यावर लावलेला सारा जोर ताणात उतरतही नाही. साधारण हिशेब असा मांडला जातो की, शंभर हिश्श्यांपैकी पन्नास हिस्से बोल्टाच्या डोक्याखालील घर्षणात खर्च होतात, चाळीस आट्यांमधील घर्षणात, आणि उरलेले सुमारे दहाच हिस्से प्रत्यक्ष पकड निर्माण करतात. ह्याचा परिणाम विलक्षण आहे. आठ मिलिमीटर जाडीचा कोरडा बोल्ट पंचवीस न्यूटन-मीटरने आवळला, तर त्यात अदमासे सोळाशे किलो वजनाइतका ताण येतो. त्याच बोल्टाला तेल लावून तेवढाच पीळ दिला, तर घर्षण कमी झाल्यामुळे ताण एकवीसशे किलोंच्या घरात जातो, आणि बोल्ट त्याच्या सहनशक्तीच्या सीमेवर येऊन उभा राहतो. पान्यावरचा आकडा दोन्ही वेळा एकच! ह्यासाठीच निर्मात्याच्या पुस्तकात बोल्ट कोरडा घ्यावयाचा की तेल लावून, हे आकड्याबरोबरच सांगितलेले असते. आणि ह्यासाठीच चिखल, गंज किंवा जुन्या लुकणाचे कण आट्यांत राहिले असता अचूक पानाही खोटे माप देतो.

आता संवेदकांकडे वळू. क्रँकशाफ्टजवळ एक दातेरी चक्र फिरते. पुष्कळ इंजिनांत त्यावर साठ दात्यांची जागा असून त्यांपैकी दोन मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा समोरून गेली की चक्राचा एक फेरा झाल्याचे नियंत्रणपेटी ओळखते. संवेदकाचे टोक ह्या दात्यांपासून सुमारे एक मिलिमीटर अंतरावर असावे लागते. इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे घेत असेल, तर एक अंश फिरण्यास त्याला एका सेकंदाचा नऊ हजारावा भाग पुरतो. इतक्या सूक्ष्म काळाचा हिशेब ज्याच्या सांगण्यावरून मांडावयाचा, तो संवेदक आपल्या जागेवर हलत असेल, तर इंधनाचा फवारा अवेळी सुटतो, किंवा इंजिन धक्के देऊन बंद पडते. वीज गेल्यावर इस्पितळाला किंवा कारखान्याला वीज पुरविणाऱ्या जनित्रांत तर सामान्यतः नेमके दीड हजार फेरेच राखावे लागतात. कारण त्यावरच विजेची सेकंदाला पन्नास आवर्तने अवलंबून असतात. १९७० च्या दशकात कोलकात्याने जे प्रदीर्घ भारनियमन सोसले, त्या काळात ह्या जनित्रांचे मोल त्या शहराला पुरेपूर कळले होते.

ढिलेपणाचे तोटे सहज पटतात; अधिक आवळण्याचे तोटे मात्र पुष्कळांना पटत नाहीत. 'अति तेथे माती' ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. पाण्याचे तापमान पाहणाऱ्या संवेदकाचे अंग पुष्कळदा मऊ पितळेचे असते. जोराने पिळले की ते चिरते, किंवा तुटून अर्धे आतच राहते. संवेदकाचे आवरण प्लास्टिकचे असेल तर त्याला न दिसणारी भेग पडते आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरते. ॲल्युमिनियमच्या भागातील आटे पोलादाच्या बोल्टापुढे टिकत नाहीत. ते एकदा गेले की चार रुपयांच्या बोल्टापायी सबंध भाग बदलण्याची पाळी येते. दाब मोजणाऱ्या संवेदकाची गोष्ट तर अधिकच सूक्ष्म. त्याच्या आत एक पातळ पडदा असतो आणि दाबाने तो किती वाकला, ह्यावरून माप ठरते. संवेदकाचे अंगच प्रमाणाबाहेर पिळले गेले, तर इंधनाचा दाब नसतानाही त्या पडद्यावर ताण पडू शकतो, आणि जे नाही ते आहे, असा अहवाल पेटीकडे जातो. समजा, असा संवेदक शून्य दाबाला अर्धा व्होल्ट आणि अठराशे वातावरणाइतक्या दाबाला साडेचार व्होल्ट दाखवितो. मग एका व्होल्टाच्या दहाव्या हिश्श्याची चूक म्हणजे पंचेचाळीस वातावरणांची चूक होय.

ह्याच ठिकाणी एक धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. आधुनिक इंजिनाच्या इंधननळीतील दाब दोन हजार वातावरणांपर्यंतही जाऊ शकतो. ह्या नळीवरील संवेदकाचा सांधा गळत असल्याचा संशय आला, तर बोट लावून चाचपणी कधीही करू नये. डोळ्यांना न दिसणारी ती धार कातडी भेदून शरीरात शिरते, आणि वरकरणी टाचणी टोचल्यासारखी दिसणारी जखम हात गमावण्यापर्यंत जाऊ शकते. इंजिन बंद करून, दाब उतरेपर्यंत थांबूनच पाना उचलावा.

नियंत्रणपेटीचे आवळणेही असेच जपून करावयाचे असते. ती इंजिनावरच बसविलेली असेल, तर तिच्या बोल्टांखाली रबराच्या चकत्या असतात. इंजिनाचा कंप पेटीपर्यंत पोहोचू नये, हे त्यांचे काम. बोल्ट कचकचून आवळले की रबर चेपते आणि कंप थेट पेटीत जातो; ढिले ठेवले की पेटी स्वतःच थरथरू लागते. तारांचा जुडगा पेटीला जोडणारे जोडसाधन पुष्कळदा मधल्या एकाच बारीक बोल्टाने ओढून बसवितात. त्याला दोन-चार न्यूटन-मीटरच पीळ द्यावयाचा असतो. तो अपुरा राहिला तर आतील पिना कंपाने एकमेकींवर घासत राहतात, त्यांवर सूक्ष्म गंज चढतो, आणि पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की दोष डोके वर काढतो. तो दोष कायम टिकतही नाही. ऊन पडले की नाहीसा होतो, आणि मिस्त्री चांगला संवेदक काढून नवा बसवीत राहतो. रोग बोल्टात आणि औषध भलत्याच अवयवाला, असा हा प्रकार!

अशा वेळी नियंत्रणपेटी बहुधा एकच गोष्ट करते. अहवालांत विसंगती दिसली की ती सावध होऊन इंजिनाची शक्ती कमी करते. मोठ्या बसचे इंजिन शेकडो न्यूटन-मीटरचा पीळ चाकांकडे पाठविण्यास समर्थ असते. पण दहा न्यूटन-मीटरने आवळावयाच्या बोल्टाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे ते शेकडो न्यूटन-मीटर अडून राहतात, आणि उतारूंनी भरलेली बस चढावर रेंगाळू लागते. मोठा पीळ लहान पिळावर अवलंबून आहे, हे आजच्या डीझेल इंजिनाचे मर्म आहे.

ह्यावरचा उपाय नवा नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार ह्या गृहस्थाने १९१८ मध्ये पीळ मोजणारा पाना तयार केला, असे मानले जाते. जमिनीखालच्या नळांचे बोल्ट कामगारांच्या हातून प्रमाणाबाहेर आवळले जात, ही त्याची अडचण होती. आज ह्या पान्याला टॉर्क पाना म्हणतात. ठरविलेला आकडा लावावयाचा आणि ओढावयाचे. तेवढा पीळ बसला की पाना 'टक्‌' असा आवाज करतो. तथापि, त्याचेही काही शिष्टाचार आहेत. बोल्टाचे पहिले आटे नेहमी बोटांनी फिरवावेत, म्हणजे तो तिरका बसत नाही. दहा न्यूटन-मीटरसाठी दोनशेचा मोठा पाना वापरू नये, कारण पल्ल्याच्या अगदी तळाशी त्याचे माप विश्वसनीय नसते. मुठीवरील खुणेच्या जागीच धरून सावकाश ओढावे, आणि पहिल्या 'टक्‌'लाच थांबावे. अनेक बोल्ट असतील तर ते क्रमाने, समोरासमोरचे आवळावेत. काम संपल्यावर पान्याची स्प्रिंग सैल करून ठेवावी. घट्ट बसलेला बोल्ट सोडविण्यासाठी त्याचा तरफेसारखा उपयोग करू नये. पुस्तकातील आकडा कोणत्या मापात आहे, हेही पाहावे. एक फूट-पौंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर, आणि इंच-पौंडाऐवजी फूट-पौंड वाचले तर पीळ एकदम बारापट होतो.

माप आणि मापातील चढउतार ह्यांचा विचार कोलकात्याला अपरिचित नाही. किंबहुना स्वतंत्र भारतात तो विचार ज्या शहराने रुजविला, ते हेच. प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांनी येथे १९३१ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली. कारखान्यातील गुणवत्तेला संख्याशास्त्राची जोड देणारे अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये त्यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. श्यूहार्ट ह्यांच्या शिकवणीचे सार थोडक्यात असे की, कोणतीही दोन कामे तंतोतंत सारखी होत नाहीत; फरक राहणारच. प्रश्न इतकाच की तो फरक ठरलेल्या मर्यादेत आहे की बाहेर. 'वीस अधिक उणे पाच' असे पुस्तकात लिहिलेले असते, तेव्हा त्या 'अधिक उणे' ह्या शब्दांत हाच विवेक असतो. पाना स्वतःही ह्या नियमाला अपवाद नाही. वापराने त्याची स्प्रिंग शिणते. म्हणून आंतरराष्ट्रीय संकेतानुसार पाच हजार वेळा वापरल्यावर किंवा वर्षभराने त्याची तपासणी करावयाची असते. अशा तपासणीची परंपराही ह्या शहरात जुनी आहे. रेल्वेच्या साहित्याच्या परीक्षणासाठी १९१२ मध्ये स्थापन झालेले नॅशनल टेस्ट हाउस कोलकात्याचेच.

परंतु पाना आला म्हणजे विचार करण्याची गरज संपली, असे समजणे घातक होय. १० जून १९९० रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघालेल्या विमानाची पुढची काच सतरा हजार फुटांवर निखळून पडली आणि वैमानिकाचे अर्धे शरीर बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले आणि विमान सुखरूप उतरले, वैमानिकही वाचला. चौकशीत आढळले की, आदल्या दिवशी पहाटेच्या सुमारास ती काच बसविताना नव्वदांपैकी चौऱ्याऐंशी बोल्ट किंचित कमी जाडीचे वापरले गेले होते. ते नुसत्या नजरेने जुळवून घेतलेले होते. पीळ ठरविणारे हत्यार त्या रात्री वापरलेले होते आणि त्याचा आवाजही झालेला होता. आवाज पीळ झाल्याचे सांगतो. बोल्ट योग्य आहे की नाही, हे तो सांगत नाही. ते पाहण्यासाठी माणसाचेच डोळे हवेत.

ह्यासाठीच मल्लिकबाजारच्या मिस्त्रीची विद्या टाकाऊ ठरविणे अन्यायाचे होईल. बोल्ट फिरताना आट्यांत कण अडकल्याची सूक्ष्म खरखर त्याच्या बोटांना जाणवते. ती कोणत्याही पान्याला जाणवत नाही. चकती जुनी आहे, आटे थकले आहेत, रबर वाळले आहे, हे त्याला दृष्टिक्षेपात कळते. त्याला हवा आहे तो ह्या जाणिवेला मापाचा आधार. तो आधार मात्र त्याला सहजी मिळत नाही. मापाची पुस्तके बहुधा इंग्रजीत आणि निर्मात्यांच्या कपाटात. चांगला टॉर्क पाना महाग. आणि गाडीचा मालक दाराशी घाई करीत उभा. दहा मिनिटांच्या कामाला पंधरा मिनिटे लागली तर पाच मिनिटांची मजुरी द्यावयास कोणी तयार नसतो. मग दोष निघाला की बोल मात्र त्याच्या हाताला लागतो. कोलकात्यात जे घडते तेच पुण्याच्या, नागपूरच्या आणि कोल्हापूरच्या मोटारदुरुस्तीच्या दुकानांतही घडते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती टॉर्क पाना एकदा तरी यावा, दुकानाच्या भिंतीवर त्याच्या भाषेत पिळाचे तक्ते लागावेत, आणि मापून केलेल्या कामाला मापून दाम मिळावा, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

डीझेलचे दिवस आता ओसरत चालले आहेत, मग ही उठाठेव कशाला, असेही कोणी विचारील. कोलकात्याच्या रस्त्यांवर २०१९ पासून विजेवर चालणाऱ्या बसगाड्याही धावू लागल्या आहेत, हे खरे. परंतु त्यांच्या विद्युत्‌घटांचे सांधेही बोल्टांनीच आवळावे लागतात. तो सांधा ढिला राहिला तर विजेला अडथळा होतो, सांधा तापतो आणि आगीचे निमित्त ठरतो. इंधन बदलेल, यंत्र बदलेल. आवळण्याचे माप पाळण्याची गरज सुटणार नाही.

'तुटेपर्यंत ताणू नये' असे आपले जुने लोक सांगत आले. ढिलेही सोडू नये, हे त्यांनी वेगळे सांगितले नाही, कारण ते प्रत्येकाला कळते असे त्यांना वाटले असावे. ह्या दोन टोकांमध्ये नेमकी जागा कोठे आहे, हे यंत्राच्या बाबतीत तरी आज आकड्याने सांगता येते. तो आकडा पाळला की नाही, हे बसमधील उताऱ्याला कधीच दिसत नाही. झाकण एकदा बसले की मालकालाही दिसत नाही. ते एकट्या मिस्त्रीला ठाऊक असते. रात्री उशिरा, घाईच्या वेळी, कोणी पाहत नसताना तो पहिल्या 'टक्‌'ला थांबतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बसने कामाला निघणारी माणसे त्याच्या हाती सुरक्षित असतात.